रिटर्नमधली चूक नेमकी कुणाची?

जुलै महिना लागला की नातेवाइकांमध्ये आणि आमच्या सोसायटीत माझी विचारपूस अचानक वाढते. नोकरीची सगळी वर्षे एका महाविद्यालयाच्या लेखा विभागात गेल्यामुळे प्राप्तिकराचे विवरणपत्र भरताना अडलेला माणूस मला फोन करतो, आणि त्याचे पहिले वाक्य जवळजवळ ठरलेले असते : "लाल अक्षरांत काहीतरी येतंय आणि पुढे जाऊच देत नाही." नेमके काय येते आहे असे विचारले, तर तो संदेश वाचून दाखवत नाही, स्वतः लावलेला अर्थ सांगतो. "माझा पगार चुकलाय म्हणतंय", "पॅन चालत नाही म्हणतंय." स्क्रीन पाहिल्यावर कळते की संदेशात तसे काहीच म्हटलेले नाही. म्हणून मी आधी दोन गोष्टी सांगते. संदेशाचा फोटो पाठवा, आणि मी सांगेपर्यंत कोणत्याही रकान्याला हात लावू नका.

यातली दुसरी गोष्ट पाळणे लोकांना फार जड जाते. लाल अक्षरे कशीही करून घालवायची, एवढाच हेतू उरला की माणूस आकडे हलवू लागतो. इथले हजार तिथे टाकतो, एखादी वजावट काढून पाहतो, टीडीएसची, म्हणजे पैसे देणाऱ्यानेच आधी कापून घेतलेल्या कराची, रक्कम थोडी कमी करतो, आणि कशाने तरी संदेश नाहीसा झाला की सुटल्यासारखा श्वास सोडतो. पुष्कळदा या खटपटीत त्याने आपला बरोबर असलेला आकडा दुसऱ्या कुणाच्या तरी चुकीच्या आकड्याशी जुळवून घेतलेला असतो, आणि त्याखाली ओटीपीच्या रूपाने स्वतःची सहीही केलेली असते. संदेश ज्या रकान्यापाशी उमटतो तिथे चूक असेलच असे नाही, हे मी इतक्या जणांच्या विवरणपत्रांत पाहिले आहे की आता लाल रकाना मी सर्वांत शेवटी तपासते.

कागदी विवरणपत्रांच्या काळात असे अडणे नव्हतेच. खिडकीतला कारकून पॅन आणि सही आहे की नाही एवढे पाहून पोचपावतीवर शिक्का मारत असे, आणि आतली बेरीज चुकली असली तरी तिला कार्यालयात निवांत झोप मिळत असे. तिला जाग आली तर वर्ष-दोन वर्षांनी नोटीस यायची. नाही आली तर नाहीच. कंपन्यांना २००६च्या सुमारास ऑनलाइन विवरणपत्र सक्तीचे झाले आणि मग टप्प्याटप्प्याने आपण सर्व त्यात आलो. मधली काही वर्षे तर मजेशीर होती. विवरणपत्र इंटरनेटवरून पाठवायचे, पण त्याच्या पोचपावतीचा एक पानी कागद छापून, शाईने सही करून बेंगळुरूच्या केंद्राकडे १२० दिवसांच्या आत साध्या टपालाने किंवा स्पीड पोस्टाने धाडायचा. कुरिअर चालत नसे. आता बहुतेकांची पडताळणी आधारच्या ओटीपीवर होते आणि १ ऑगस्ट २०२२पासून तिची मुदत ३० दिवसांवर आली आहे. म्हणजे चूक तपासण्याचे जे काम पूर्वी विवरणपत्र घेतल्यानंतर होत असे, ते आता घेण्याआधी, दारातच होते. दारातला हा तपासनीस माणूस नसल्यामुळे त्याला "अहो, पण माझं ऐका तरी" असे म्हणता येत नाही.

हा तपासनीस कशावर बोट ठेवणार, हे मात्र गुपित नाही. प्राप्तिकर विभाग प्रत्येक विवरणपत्राच्या नमुन्यासाठी पडताळणीच्या नियमांची लांबलचक यादी पोर्टलवरच प्रसिद्ध करतो, आणि माझ्या मते ती यादी हे या विषयावरचे सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत कमी वाचले गेलेले वाङ्मय आहे. अमुक रकाना तमुक रकान्यांच्या बेरजेइतका असला पाहिजे, अमुक वजावट नव्या करप्रणालीत मागता येणार नाही, अमुक सवलत मागितली असेल तर तिचा फॉर्म आधी भरलेला हवा, असे शेकडो नियम त्यात एकाखाली एक आहेत. ते सर्व सारख्या तोलाचे नसतात. काही नियम मोडले तर विवरणपत्र स्वीकारलेच जात नाही. काही मोडले तर स्वीकारले जाते, पण पुढे कलम १३९(९)खाली ते सदोष ठरू शकेल असा इशारा मिळतो. आणि काही मोडले तर विवरणपत्र जाते, मात्र मागितलेली वजावट मिळेलच याची हमी राहत नाही. पडद्यावर हे तिन्ही प्रकार जवळजवळ सारख्याच भीतिदायक रूपात येत असल्यामुळे इशाऱ्याला घाबरून खरी वजावट सोडून देणारे लोक मी पाहिले आहेत. "अडवणूक आहे की इशारा?" हा प्रश्न विचारायला हवा, कारण इशारा ओलांडून पुढे जाण्याची मुभा असते आणि कधी कधी पुढे जाणेच योग्य असते.

याचे माझ्या घरातले उदाहरण मावशीचे आहे. काका राज्य सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. ते गेल्यावर मावशीला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झाले आणि तिच्या विवरणपत्राची जबाबदारी माझ्याकडे आली. पोर्टलवर आधीच भरून आलेली माहिती उघडली, तर 'वेतन' या शीर्षकाखाली वर्षभराची रक्कम, आणि नोकरी देणारा म्हणून तिच्या बँकेचे नाव. मावशी शेजारीच चष्मा लावून बसली होती. ती म्हणाली, "अगं, नोकरी तुझ्या काकांनी केली. मी कुठे केली? आणि बँकेत तर त्यांनीही केली नाही."

कायद्याचे म्हणणे अगदी मावशीसारखेच आहे. निवृत्त माणसाला स्वतःला मिळते ते निवृत्तिवेतन पगारात मोडते. त्याच्यामागे पत्नीला मिळते ते कुटुंब निवृत्तिवेतन पगार नसते, कारण तिचा त्या सरकारशी मालक-नोकर असा संबंध कधीच नव्हता. ते 'इतर मार्गांनी मिळालेले उत्पन्न' या शीर्षकाखाली दाखवायचे असते. फरक नुसत्या शीर्षकाचा नाही. पगार म्हटले की नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. कुटुंब निवृत्तिवेतनावर मात्र रकमेचा एक तृतीयांश किंवा २५,००० रुपये, यांतली कमी असेल तेवढीच वजावट आहे, आणि जुन्या प्रणालीत ही मर्यादा १५,००० आहे. म्हणजे पोर्टलने भरून दिलेले आकडे मुकाट्याने ठेवले असते तर एकही लाल अक्षर दिसले नसते, करही कमी बसला असता, आणि विवरणपत्र चुकीचे गेले असते. रक्कम योग्य जागी हलवल्यावर मात्र तक्रार सुरू झाली : कलम १९२खाली, म्हणजे पगारातून, कापलेल्या कराचे श्रेय मागितले आहे, पण त्याच्याशी जुळणारे वेतन दाखवलेले नाही.

हा संदेश मावशीच्या विवरणपत्रात उमटला असला तरी त्याचा उगम बँकेच्या तिमाही टीडीएस विवरणात होता. तिथे कुणीतरी, किंवा कुठल्यातरी संगणकप्रणालीने, सर्व पेन्शनधारकांना एकाच मापाने मोजून पगाराचे कलम लावून टाकले होते. बँकेत जाऊन विचारले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने सौजन्याने सांगितले की त्यांच्याकडे 'पेन्शन' असा एकच प्रकार दिसतो. दुरुस्ती विवरण भरण्याचा अर्ज मी दिला आणि पोच घेतली. एआयएसमध्ये, म्हणजे २०२१च्या नोव्हेंबरपासून सुरू झालेल्या वार्षिक माहितीपत्रकात, त्या नोंदीसमोर ती पूर्णतः बरोबर नसल्याचा अभिप्राय नोंदवला. विवरणपत्रात नोकरीच्या स्वरूपाची जी यादी उघडते, तिच्यात अगदी शेवटी 'लागू नाही' असा पर्याय आहे आणि त्याच्यापुढे कंसात उदाहरण म्हणून कुटुंब निवृत्तिवेतनाचाच उल्लेख आहे, तो निवडला. नमुना तयार करणाऱ्या कुणाला तरी ही अडचण ठाऊक होती, याचा मला तेव्हा फार आनंद झाला. राहिलेला इशारा तसाच ओलांडून विवरणपत्र पाठवले, आणि पुढे विचारणा झाली तर दाखवता यावेत म्हणून पेन्शनचा आदेश व पासबुकाच्या प्रती एका पाकिटात घालून ठेवल्या.

इतके सविस्तर लिहिण्याचे कारण असे की मी पाहिलेल्या अडचणींपैकी बहुतेकांचा ढाचा हाच असतो. आपल्याविषयी दुसऱ्या कुणीतरी विभागाला काहीतरी कळवलेले असते. मालक, बँक, म्युच्युअल फंड, निबंधक कार्यालय, भाडेकरू, कुणीही. आपण आपल्या परीने खरे सांगतो आणि त्या दोन निवेदनांत तफावत पडते. यंत्राला दोघांपैकी खरे कोण हे ठरवता येत नाही; समोर आपण असल्यामुळे ते आपल्याला अडवते. तेव्हा कुठल्याही लाल संदेशासमोर 'मी काय चुकलो' असे म्हणण्याआधी 'हे विभागाला कुणी सांगितले, कधी सांगितले, आणि कुठले कलम लावून सांगितले' एवढे २६एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा, आणि एआयएस उघडून पाहिले, तर निम्मी उकल तिथेच होते. त्यातही 'कधी' हा प्रश्न लोक विसरतात. जानेवारी ते मार्च या तिमाहीचे टीडीएस विवरण भरण्याची मुदत ३१ मेपर्यंत असते आणि फॉर्म १६, म्हणजे मालकाने द्यायचा पगाराचा व कापलेल्या कराचा दाखला, देण्याची १५ जूनपर्यंत. त्यामुळे मे महिन्यातच उत्साहाने बसलेल्या माणसाला आपला कापला गेलेला कर दिसतच नाही आणि तो मालकावर संतापतो. कराची नोंद मात्र अजून वाटेतच असते.

एक ओळखीचे प्राध्यापक निवृत्तीनंतर व्याख्याने आणि परीक्षणाची कामे करतात. एका संस्थेने त्यांच्या मानधनावर कलम १९४जेखाली, म्हणजे व्यावसायिक शुल्क म्हणून, कर कापला. त्यांनी ती रक्कम सरळ इतर उत्पन्नात दाखवून सहज नावाच्या साध्या नमुन्यात विवरणपत्र भरले, ते स्वीकारलेही गेले, आणि काही आठवड्यांनी सदोष विवरणपत्राची नोटीस आली. नोटिशीतली भाषा अशी की वाचणाऱ्याला आपण काहीतरी लपवले असे वाटावे. प्रत्यक्षात प्रश्न एवढाच होता की कर व्यावसायिक उत्पन्नावर कापला गेला आहे, तर ते व्यावसायिक उत्पन्न विवरणपत्रात कुठे आहे. उत्तराला पंधरा दिवस असतात. त्यांनी नमुना बदलून दुरुस्त विवरणपत्र दिले आणि विषय संपला. दिवाळी अंकांत लिहिणाऱ्यांना ही काळजी करण्याचे कारण नाही. तिथले मानधन टीडीएसच्या मर्यादेपर्यंत पोचल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

शिक्षकांची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६पासून लागू धरला गेला, पण प्रत्यक्ष पगार २०१९मध्ये वाढले आणि मधल्या काळाची थकबाकी पाच हप्त्यांत देण्याचे ठरले. थकबाकी एका वर्षात हाती आली की उत्पन्न फुगते आणि वरच्या टप्प्याचा कर बसतो, म्हणून कलम ८९खाली त्यात दिलासा मिळतो. हा दिलासा कित्येकांच्या फॉर्म १६मध्ये हिशेब करून दाखवलेला असतो. ते तो आकडा विवरणपत्रात उतरवतात आणि पुढे तो नामंजूर होऊन कराची मागणी येते. कारण फॉर्म १०ई नावाचा एक स्वतंत्र ऑनलाइन फॉर्म विवरणपत्राच्या आधी, आणि तोही कर्मचाऱ्याने स्वतः भरायचा असतो. मुख्याध्यापकांनी किंवा वेतन पथकाने केलेला हिशेब कितीही बरोबर असला तरी त्याला त्या फॉर्मची जागा घेता येत नाही. या फॉर्मवर वर्षाची निवड करताना थकबाकी ज्या वर्षाची आहे ते न निवडता ती ज्या वर्षी मिळाली त्याचे करनिर्धारण वर्ष निवडायचे, ही गोष्ट तर चांगल्या गणिताच्या शिक्षकांनाही दोनदा समजावून सांगावी लागते.

नावांचा घोळ हा आपल्याकडचा खास विषय आहे आणि त्यावर मी तासभर बोलू शकते. पॅनच्या नोंदीत आडनाव, पहिले नाव आणि मधले नाव असे तीन वेगळे कप्पे असतात. आधारवर नाव एका ओळीत सलग असते. आपली पद्धत अशी की शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, बँकेत पहिले नाव आधी, मधल्या नावात लग्नापूर्वी वडील आणि लग्नानंतर नवरा, आणि जुन्या पासबुकात त्याच्याही आधी 'सौ.' चिकटवलेले. शिवाय वडिलांच्या नावाला कुठे 'राव' आहे तर कुठे नाही. आजीच्या नावाला 'बाई' जोडून एकच शब्द केलेला, तर दुसऱ्या कागदावर तो तोडलेला. माणसाला हे एकच कुटुंब दिसते. यंत्राला ही वेगवेगळी माणसे दिसतात. परताव्यासाठी बँक खाते आधी प्रमाणित करून घ्यावे लागते आणि तिथे बँकेतले नाव पॅनच्या नावाशी ताडले जाते. ते न जुळल्याचा संदेश आला की लोक खाते क्रमांक पुन्हा पुन्हा टाकून पाहतात, जो बिचारा पहिल्यापासून बरोबर असतो.

पॅनचे पाचवे अक्षर तर नीट पाहण्यासारखे आहे. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथे अक्षर नेहमी 'पी' असते आणि पाचवे अक्षर तिच्या आडनावाचे पहिले रोमन अक्षर असते. मात्र ते पॅन मिळाले त्या वेळच्या आडनावाचे. लग्नानंतर आडनाव बदलून घेतले, कार्ड नवे आले, तरी क्रमांक तोच राहतो. आमच्या शेजारच्या वहिनींच्या कार्डावर आडनाव सासरचे आहे आणि क्रमांकात माहेरचे अक्षर अजून ठाण मांडून बसले आहे. एका खासगी कंपनीच्या अर्जात "पॅन आणि आडनाव जुळत नाही" असे तिला सांगण्यात आले तेव्हा तिने तो क्रमांकच खोटा असल्याची शंका घेतली. क्रमांक खराच होता आणि तो बदलण्याचे काही कारणही नव्हते. पॅन-आधार जोडणीची मुदत ३० जून २०२३ रोजी संपल्यावर अशा नावांच्या फरकामुळे जोडणी राहून गेलेल्या कितीतरी स्त्रियांचे पॅन निष्क्रिय झाले आणि मग हजार रुपये शुल्क भरून, आधी नाव दुरुस्त करून, नंतर जोडणी, असा उलटा प्रवास त्यांना करावा लागला.

खाते प्रमाणित न होण्याचे आणखी एक कारण नावाशी अजिबात संबंधित नसते. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या; पुढच्या वर्षी त्याच दिवशी सिंडिकेट, ओरिएंटल, आंध्र, कॉर्पोरेशन, अलाहाबाद अशा बँका मोठ्या बँकांत गेल्या. पुढे या शाखांचे आयएफएससी बदलले. माणूस त्याच इमारतीत, त्याच खिडकीत जातो, पासबुकावरचा जुना कोड वर्षानुवर्षे तोच टाकतो, आणि परतावा अडकल्यावर मात्र "एवढीशी रक्कमसुद्धा देत नाहीत" म्हणून सरकारला बोल लावतो.

संगणकाच्या म्हणून ज्या खास अडचणी सांगितल्या जातात, त्या माझ्या अनुभवात थोड्या आहेत आणि बहुतेक किरकोळ आहेत. ब्राउझर बदला, कॅशे साफ करा, खासगी खिडकीत उघडा, हे सल्ले सर्वजण देतात. लॉगिन अडकले असेल तर त्यांचा उपयोग होतो, तफावत असेल तर शून्य. एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. स्वनिर्धारण कर, म्हणजे विवरणपत्राआधी आपणच हिशेब करून भरायचा उरलेला कर, भरल्यावर चलनावर बँक शाखेचा सात अंकी बीएसआर कोड, तारीख आणि पाच अंकी चलन क्रमांक येतो. हिशेबी स्वभावाचे लोक तो कोड आधी एक्सेलमध्ये नोंदवतात आणि तिथून उचलून विवरणपत्रात चिकटवतात. पुष्कळ कोडांची सुरुवात शून्याने होते, आणि एक्सेल त्याला आकडा समजून पुढचे शून्य खाऊन टाकते. सहा अंक चिकटवले जातात, 'वैध बीएसआर कोड द्या' असा संदेश येतो, आणि माणूस बँकेत जाऊन कोड चुकीचा दिला म्हणून भांडतो. हाताने सात अंक टाइप केले की काम होते. पत्त्याच्या रकान्यात चिकटवलेली एखादी अदृश्य मोकळी जागा किंवा न चालणारे चिन्ह याच जातीचे.

यंत्र चुकतच नाही असे मात्र कुणी समजू नये. ७ जून २०२१ रोजी नवे पोर्टल सुरू झाले तेव्हाचे पहिले काही महिने ज्यांनी काढले, त्यांना ते आठवत असेल. करोनामुळे त्या वर्षी मुदत ३० सप्टेंबरपर्यंत वाढवलेली होती, तरीही ३१ जुलैनंतर विवरणपत्र भरणाऱ्या काहींच्या हिशेबात विलंब शुल्क आणि व्याज आपोआप जमा होत होते. ऑगस्टमध्ये विभागाने ही चूक प्रणालीची असल्याचे जाहीर केले आणि जास्त घेतलेली रक्कम प्रक्रियेच्या वेळी परत करण्याचे आश्वासन दिले. अशा वेळी करदात्याने काय करावे? मुदतवाढीचे परिपत्रक वाचलेले असेल तर निदान आपण बरोबर आहोत एवढे तरी त्याला ठाऊक असते. यंत्र सांगते तोच कायदा असे मानून ज्यांनी मुकाट्याने भरले, त्यांना परतावा आल्यावरच कळले असणार की आपण काही देणे लागत नव्हतो.

याहून अवघड आणि मला जास्त महत्त्वाचे वाटणारे प्रकरण २०२४चे आहे. नव्या करप्रणालीत त्या वर्षी सात लाखांपर्यंत एकूण उत्पन्न असणाऱ्याला कलम ८७एखाली २५,००० रुपयांपर्यंत सवलत होती, म्हणजे कर शून्य. एखाद्याच्या या सात लाखांत शेअर विकून झालेला अल्पकालीन नफा असेल, ज्यावर वेगळ्या, खास दराने कर लागतो, तर त्या करावरही सवलत मिळेल का? कायद्याचे शब्द दोन्ही बाजूंनी वाचता येत होते. सुरुवातीला यूटिलिटीमध्ये, म्हणजे विवरणपत्र भरण्याच्या विभागाच्या सॉफ्टवेअरमध्ये, ही सवलत मिळत होती. ५ जुलै २०२४ रोजी यूटिलिटी अद्ययावत झाली आणि त्यानंतर ती मिळेनाशी झाली. नुसती मिळेनाशी झाली नाही, तर मागण्याची सोयच उरली नाही. रकान्यात आकडा भरताच येईना. जूनमध्ये भरणारा आणि ऑगस्टमध्ये भरणारा, दोघांचे उत्पन्न तेच, कायदा तोच, पण एकाला मागणी मांडता आली आणि दुसऱ्याला नाही. तेव्हा मला एका भाच्याने विचारले होते की त्याचे काय चुकते आहे. त्याचे काहीच चुकत नव्हते. कुणीतरी कायद्याचा एक अर्थ निवडून तो प्रणालीत घातला होता आणि त्यावर वाद घालायला जागा ठेवली नव्हती.

मुंबईतल्या चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स या जुन्या संस्थेने याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. डिसेंबर २०२४मधल्या अंतरिम आदेशानंतर विलंबाने भरायच्या आणि सुधारित विवरणपत्रांची मुदत ३१ डिसेंबरवरून १५ जानेवारी २०२५पर्यंत वाढवण्यात आली आणि २४ जानेवारी २०२५ रोजी अंतिम निकाल आला. सवलत द्यायची की नाही हा मूळ प्रश्न न्यायालयाने सोडवला नाही. तो प्रत्येक प्रकरणात संबंधित अधिकाऱ्याने आणि पुढे अपिलांत ठरवायचा. पण ज्या मागणीवर कायद्याने वाद घालता येतो, ती मांडण्याचा मार्गच सॉफ्टवेअरने बंद करता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. पुढच्या वित्त कायद्याने खास दराच्या उत्पन्नावर ही सवलत नाही असे स्पष्ट करून टाकले, आणि आधीच्या वर्षासाठी ज्यांनी सवलत घेतली होती त्यांच्यापैकी अनेकांना मागणीपत्रे आली. ठरावीक मुदतीत रक्कम भरल्यास त्यावरचे व्याज माफ करण्याचे परिपत्रक सप्टेंबर २०२५मध्ये निघाले. म्हणजे भाच्याला शेवटी कर भरावाच लागला असता, असे कुणी म्हणेल. खरे आहे. तरीही 'तुमचे म्हणणे आम्हाला मान्य नाही' असे कारणांसह लिहून येणे आणि 'तुमचे म्हणणे लिहायला इथे जागा नाही' असे पडद्याने सांगणे, यांत मला तरी जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. पहिल्या उत्तराविरुद्ध अपील करता येते.

मुदतीच्या शेवटच्या दिवसाबद्दल फार लिहायला नको. ते सर्वांना ठाऊक आहे. २०२५मध्ये नमुन्यांत बरेच बदल असल्यामुळे ३१ जुलैची मुदत मेअखेरीसच १५ सप्टेंबरवर नेण्यात आली होती, तरी १५ तारखेच्या रात्री ती आणखी एका दिवसाने वाढवावी लागली. त्या वर्षीच्या नमुन्यांत वजावटींचे तपशील, म्हणजे विमा पॉलिसीचा क्रमांक, भविष्य निर्वाह निधीच्या खात्याचा क्रमांक, घरभाड्याचा हिशेब, असे पुष्कळ नव्याने मागितले होते, आणि शेवटच्या रात्री बसलेल्या माणसाजवळ ते कागद नव्हते. त्याला जे लाल दिसत होते ते कपाटातल्या फाइलमध्ये होते, पोर्टलमध्ये नव्हते. मी माझ्यापुरता असा नियम केला आहे की १० तारखेनंतर कुणी फोन केला तर आधी कागद जमवून मगच लॉगिन करायचे. यामुळे दोन-तीन नातेवाईक माझ्यावर रुसलेले आहेत.

आता पुढचे थोडे. सर्वांत जास्त वेळा विचारली जाणारी आणि सर्वांत जुनी अडचण वर्षाची आहे. ज्या वर्षात कमावले ते आर्थिक वर्ष, त्याच्या पुढचे ते करनिर्धारण वर्ष. चलन भरताना एकाऐवजी दुसरे निवडले की पैसे सरकारकडे जमा होतात आणि विवरणपत्र मात्र कर भरलाच नाही म्हणत राहते. दुरुस्तीची विनंती पोर्टलवरूनच करता येते, पण तिला वेळ लागतो. १ एप्रिल २०२६पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्याने हा घोळ मुळातून काढण्यासाठी 'कर वर्ष' ही एकच संकल्पना आणली आहे : ज्या वर्षात कमावले तेच कर वर्ष. बदल चांगला आहे आणि तो खूप आधी व्हायला हवा होता. पण आर्थिक वर्ष २०२५-२६चे विवरणपत्र जुन्याच कायद्याने भरायचे आहे, आणि त्याचे करनिर्धारण वर्ष आहे २०२६-२७. त्याच उन्हाळ्यात सुरू होणाऱ्या नव्या उत्पन्नाचे कर वर्षही २०२६-२७च आहे. जुलै २०२६मध्ये जो माणूस मागच्या उत्पन्नाचा उरलेला कर भरेल आणि १५ जूनला किंवा १५ सप्टेंबरला चालू उत्पन्नाचा आगाऊ कर भरेल, त्याच्या दोन्ही चलनांवर तेच आकडे असतील, अर्थ मात्र दोन वेगळ्या वर्षांचे. भाच्याला मी सांगून ठेवले आहे की ही दोन चलने एकाच दिवशी भरायची नाहीत, आणि प्रत्येकाच्या छापील प्रतीवर पैसे कुठल्या कमाईचे आहेत ते पेनने लिहून ठेवायचे.